तिसऱ्या गिअरच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. फिकट पिवळा रंग, चार दारं, गोल दिवे, आणि उंच माणूस आत बसला की त्याचे गुडघे हनुवटीला टेकतील एवढंच पोट. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथून माझ्या शेकडो बहिणी रोज बाहेर पडत. आमच्याकडे कुणी वळून बघावं म्हणून आम्हाला घडवलंच नव्हतं. पेट्रोल कमी प्यायचं, जागा कमी अडवायची आणि सकाळी किल्ली फिरवली की मुकाट सुरू व्हायचं, एवढंच आमच्याकडून मागणं. इंजिन तीन सिलिंडरचं, मधमाशीसारखं गुणगुणणारं. गिअर चार, त्यातला चौथा असून नसल्यासारखा.

मला घेतलं ते बाईंनी. त्यांना सगळेच 'बाई' म्हणत, अगदी दूधवालासुद्धा. नवरा लवकर गेला, पदरात सहा वर्षांची मुलगी. तेव्हा बाईंनी ठरवलं की आपल्याला जे उत्तम येतं त्यावरच घर उभं करायचं, आणि त्यांना उत्तम येत होतं ते गाडी चालवणं. माझ्या टपावर शिकवणीची पाटी चढली. शिकाऊ माणूस उजवीकडे स्टिअरिंगवर बसायचा आणि बाई त्याच्या डावीकडे. त्यांच्या पायांशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच बसवून घेतला होता.

तेवीस वर्षं मी शिकवणीची गाडी होते. म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. बाकीच्या गाड्यांना एकाच माणसाची सवय होते. मला रोज कुणीतरी नव्याने घाबरलेलं माणूस भेटायचं आणि त्याची सगळी भीती माझ्या क्लचमधून जायची. एक शिंपी होते. शिलाई मशीनच्या सवयीने ते ॲक्सिलरेटरवर पाय हलवत राहायचे आणि मी बेडकासारखी उड्या मारत रस्त्याने जायचे. एकसष्ट वर्षांच्या एक आजी आजारी नवऱ्याला उपचारांना न्यायचं म्हणून शिकायला आल्या. वळण आलं की त्या डोळे गच्च मिटायच्या. बाई म्हणाल्या, "आजी, घाबरायचं काम माझ्याकडे द्या. तुम्ही फक्त रस्ता बघा." दीड महिन्यात आजी मला इतकी सुरेख वळवायला लागल्या की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

बाई कधी कुणावर ओरडल्या नाहीत. गाडी बंद पडली की शिकाऊ ओशाळून "सॉरी" म्हणायचा. बाई म्हणायच्या, "मला नको, तिला म्हणा." आणि चांगली मोठी माणसं माझ्याकडे बघून तसं म्हणायची. नियमाच्या बाबतीत मात्र बाई हट्टी. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला त्या थांबणार म्हणजे थांबणार. कुणी कुरकुर केली की म्हणत, "दिवा दुसऱ्यांसाठी नसतो. आपल्या पायाला सवय राहावी म्हणून असतो."

मुलगी शाळेतून आली की माझ्या मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायची. शेजारच्या शेडमध्ये एक वेल्डर काम करत, काकाच म्हणायची ती त्यांना. सुट्टीत ती तिथेच असायची. काकांनी हात पुढे केला की न विचारता नेमका हवा तो पाना त्यांच्या हातात ठेवायची. काकांनी तिचं नावच 'पाना' ठेवलं आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. मोठी होऊन तिने घरासमोरच्या मोकळ्या जागेत गॅरेज काढलं. माझी सगळी देखभाल मग तिच्याकडे आली. ते माझे सुखाचे दिवस होते. शिकून गेलेली माणसं स्वतःच्या नव्या गाड्या घेऊन बाईंना दाखवायला यायची, आणि जाताना माझ्या बॉनेटवर हलकी थाप मारायची.

मग बाईंच्या नजरेला काहीतरी झालं. ते मला त्यांच्याआधी कळलं. ज्या फाटकातून मी हजारो वेळा आत-बाहेर केलं होतं, त्याच फाटकाला माझा डावा आरसा घासला. आठवड्याने पुन्हा घासला. नंतर एका सकाळी डावीकडून एक सायकलवाला आला. बाईंचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. दाबला तो स्टिअरिंगवर बसलेल्या शिकाऊ मुलीने. सायकलवाला निघून गेला. बाईंनी मला कडेला घ्यायला लावलं आणि कितीतरी वेळ त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येताना पाना मला चालवत होती.

"म्हणजे कडेचं जातंय," बाई म्हणाल्या. "समोरचं आहे. नळीतून बघावं तसं."

"औषधाने हळू जाईल म्हणालेत ना, आई."

"हळू जाईल. पण गेलेलं परत येणार नाही, असंही म्हणालेत."

त्याच आठवड्यात बाईंनी आपला परवाना स्वतः जाऊन परत दिला. कुणी मागितला नव्हता. माझ्या टपावरची पाटी त्यांनीच उतरवली. "जे मला दिसत नाही ते मी दुसऱ्याला काय दाखवू," एवढंच म्हणाल्या.

माझंही वय झालं होतं. इंजिन धूर ओकायला लागलं होतं, चढ आला की नाकी नऊ यायचे. मला अंगणाच्या कोपऱ्यात लावलं आणि वरून ताडपत्री टाकली. सुरुवातीला बाई रोज सकाळी यायच्या, ताडपत्रीवरूनच हात फिरवायच्या. पुढे अंगणातली पायरी त्यांना दिसेनाशी झाली आणि त्यांचं येणं थांबलं. बॅटरी मेली. टायर बसले. गांधीलमाश्यांनी माझ्या आरशामागे घर केलं. चौदा महिने मी तशीच होते. मित्रांनो, उभं राहिल्याने गाडी जितकी झिजते तितकी धावल्याने झिजत नाही.

एका दुपारी अंगणात एक लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार ओढून आणली गेली. वादळात तिच्यावर झाड पडलं होतं. आत कुणी नव्हतं हे नशीब, कारण तिचा टप सीटांपर्यंत दबला होता. बॉनेटखाली मात्र ओरखडाही नव्हता. तिचे मालक दातांचे डॉक्टर होते. गाडी पानाच्या ताब्यात देताना ते म्हणाले, "ही आता उभी राहणार नाही, ते मला कळतंय. हिचा आवाज कुठेतरी चालू राहिला तर बघा."

ते गेल्यावर पानाने टेप काढून त्या इंजिनाची मापं घेतली. मग ती माझ्याकडे आली, ताडपत्री ओढली आणि माझी मापं घ्यायला लागली.

वेल्डरकाका बघत उभे होते. "पाना, हे म्हणजे चिमणीला घोड्याचं काळीज बसवणं झालं."

"बसेल का, ते सांगा."

"बसेल गं. बसल्यावर चिमणी उभी राहील का, ते विचार."

काम सुरू झालं. माझं जुनं इंजिन साखळीने वर उचललं, तेव्हा मी पुढून इतकी हलकी झाले की माझं नाक आपोआप वर आलं. आयुष्यभर मी पुढच्या चाकांनी ओढत चालले होते, मागची चाकं नुसती मागून यायची. लाल गाडी मागच्या चाकांनी ढकलत चालायची. त्यासाठी इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब, फिरता दांडा न्यावा लागतो. माझ्या सपाट तळात त्याला जागा नव्हती. म्हणून तळ मधोमध कापला आणि त्यावर लांब उंचवटा बांधला. गिअरची पेटी एवढी मोठी की डावीकडचा जादा ब्रेक आणि क्लच काढून टाकावे लागले. दुखलं का, असं विचाराल तर पत्र्याला दुखत नाही. पण आरशात बघून स्वतःचाच चेहरा ओळखू न आल्यावर जसं वाटेल, तसं वाटत होतं.

कापाकापीचा आवाज ऐकून बाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. त्यांनी मला चाचपलं. बॉनेट नाही, सीट नाहीत, तळ नाही.

"हे काय केलंस?"

"आई, बस ना जरा."

"बसायला काही ठेवलंयस का तिच्यात?" बाईंचा आवाज चढला नाही, पण बारीक झाला. "तिला शांतपणे म्हातारी होऊ द्यायचं होतंस. तेवीस वर्षं लोकांचे पाय सोसलेत तिने."

पानाने हातातलं हत्यार खाली ठेवलं. "आई, तू चौथ्या गिअरमध्ये शेवटची कधी गेलीस?"

"शिकवताना तिसऱ्याच्या पुढे लागत नाही."

"शिकवताना नाही. तू."

बाई मला चाचपतच राहिल्या.

"मी नऊ वर्षांची होते," पाना म्हणाली. "शेवटचा शिकाऊ उतरला होता आणि आपण मोठ्या रस्त्याने घरी येत होतो. अशीच एक लाल गाडी आपल्याला मागे टाकून गेली. तू पाय पार तळापर्यंत नेलास. ही नुसती थरथरली. मग तू हसलीस आणि म्हणालीस, असू दे, आपल्याला कुठे घाई आहे. पण ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत तू तिच्याकडे बघत होतीस. मी आरशातून तुझ्याकडे बघत होते."

"म्हणजे गृहपाठ करत नव्हतीस तर."

"नव्हते."

बाईंनी माझ्या दाराच्या कडेवर हात ठेवला. ती संध्याकाळ मला आठवत होती. त्यांनाही आठवत होती, हे त्यांच्या हातावरून कळलं.

"माझ्याकडे परवाना नाही," त्या म्हणाल्या.

"रस्त्यावर जायचंच नाही. ती जुनी धावपट्टी आहे ना, विमानं बंद झालेली? रीतसर परवानगी मागितलीय."

"आणि मला दिसत नाही."

"समोरचं दिसतं ना?"

"समोरचं दिसतं. आत्तापुरतं."

"तिथे समोरचंच बघायचं असतं, आई."

बाई आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात स्टूल घेऊन बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "ब्रेक कुठले लावतेयस? जुने चालायचे नाहीत." पानाने वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं. तिचा चेहरा मात्र मला दिसला.

चार महिन्यांनी नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. मित्रांनो, तो आवाज कसा सांगू? आजवर मी गुणगुणत होते, आता छातीतून बोलू लागले. पानाने क्लच सोडला आणि मी अंगणातच चार हात पुढे झेपावले. त्याच क्षणी माझ्या अंगातून कडाड आवाज आला. पुढची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. डावं दार लागेना. नव्या ताकदीने माझं अख्खं अंग पिळून निघालं होतं.

काकांची चिमणी उभी राहिली नव्हती.

पाना माझ्या चाकाला टेकून जमिनीवर बसली. त्याच आठवड्यात बाईंची डोळ्यांची तपासणी झाली होती आणि नजरेच्या कडेचा काळोख आणखी आत सरकला होता. पानाकडे फार दिवस नव्हते. "चुकलं माझं," ती काकांना म्हणाली. "आईची होती ती गाडी पण घालवली मी."

काकांनी सगळं अंग तपासलं. दाराच्या खांबाला एक भेग सापडली. "ही भरून काढतो. पण एवढ्याशा भेगेने एवढं पिळणार नाही. अजून कुठेतरी आहे आणि मला ती दिसत नाहीय."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझ्या एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे, टपाच्या कडेने, दाराच्या खालून बोटं फिरवायला सुरुवात केली. फार सावकाश, एकदा शिकवलेला धडा पुन्हा घ्यावा तसं. डाव्या खांबाच्या मुळाशी त्यांचं बोट थांबलं. "इथे." मग मागच्या सीटखाली. "आणि इथे." काकांनी रंग खरवडला. दोन्हीकडे केसाएवढी भेग होती.

"चाळीस वर्षं भेगा शोधतोय मी," काका म्हणाले. "मला दिसली नाही."

"दिसण्यासारखी नव्हतीच. हाताला लागली."

मग काकांनी माझ्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बांधला, टपाखालून, दारांमागून, एका खांबाला दुसऱ्याचा आधार देत. त्यांनी आणि पानाने त्यासाठी तीन आठवडे जिवाचं रान केलं. काका एरवी काम करताना अखंड बडबडायचे, त्या तीन आठवड्यांत अवाक्षर बोलले नाहीत.

नव्या इंजिनाची कागदपत्रं अजून मंजूर झाली नव्हती. तोवर मला रस्त्यावर न्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. त्यामुळे मी धावपट्टीवर गेले ती ट्रकच्या पाठीवर बसून, दोरखंडांनी बांधलेली. तिथल्या पहारेकऱ्याने सकाळीच पट्टीवरचे खडे वेचून ठेवले होते. भेगांमधून गवत उगवलं होतं, पण मधला भाग स्वच्छ होता. सरळ, करडा, दोन किलोमीटर लांब. आधी पानाने सहा फेऱ्या मारल्या, दर फेरीनंतर खाली वाकून सगळं तपासलं. ब्रेक जिथे लावायचा तिथे, बाजूला नव्हे तर नेमक्या समोर दिसेल अशी, नारिंगी कापडाची मोठी चौकट, खालून मी जाईन एवढ्या उंचीवर, आडवी टांगली. तिच्यामागेही थांबायला भरपूर पट्टी मोकळी होती आणि त्या टोकाला काका लाल फडकं घेऊन उभे राहिले.

बाईंनी हेल्मेट घातलं. उजव्या सीटवर बसल्या, सीट पुढे घेतली, पट्टा लावला, ओढून बघितला. आरसे नीट केले. आरशातलं त्यांना काही दिसत नव्हतं, तरी केले. पाना डावीकडे बसली. तिच्या पायांशी आता काहीच नव्हतं.

बाईंनी क्लच सोडला आणि मी बंद पडले.

"बघ," बाई म्हणाल्या, "शिकाऊ झाले मी."

दुसऱ्यांदा त्यांनी मला अशी उचलली की चाकांनाही पत्ता लागला नाही. पहिला. दुसरा. तिसरा. तिसऱ्यातच आम्ही दोघींनी ती फेरी संपवली. सवय होती ती, त्यांचीही आणि माझीही. काकांपाशी थांबून वळलो आणि परत मूळ जागी आलो. बाईंनी एकदा हाताची बोटं उघडून मिटली, एवढंच.

आणि पुढच्या फेरीत चौथा पडला. मित्रांनो, जी चाकं जन्मभर नुसती मागून आली होती त्यांनी मला ढकललं. पुढे आणखी एक गिअर आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं, बाईंच्या होतं. पाचव्यात काटा दीडशेला टेकला. पट्टी माझ्याखालून पाण्यासारखी वाहत होती. माझा टप, माझी दारं, माझे गोल दिवे, जे कधी ऐंशीच्या पुढे गेले नव्हते, ते सगळे एकमेकांना घट्ट धरून होते आणि एकही खांब कण्हला नाही. बाई समोर बघत होत्या. समोर जेवढं होतं तेवढं सगळं त्यांना दिसत होतं. नारिंगी कापड आलं, पाय ब्रेकवर गेला, आणि मी सरळ रेषेत, जराही न डगमगता थांबले.

पानाने तोंड खिडकीकडे केलं होतं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

आम्ही नऊ वेळा गेलो. काका तिकडे फडकं खांद्यावर टाकून कधीच खाली बसले होते. दहाव्यांदा निघायच्या वेळी बाईंनी गिअर टाकला, थोडं थांबल्या आणि परत काढून घेतला.

"का गं, आई?"

"पुरे. गेल्या फेरीला कापड मला उशिरा दिसलं. आता मी अंदाजाने चालवतेय, बघून नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि पानाच्या हातात दिली. मग हेल्मेट काढलं. त्यांचे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांचं वय कुणाला सांगता आलं नसतं. खाली उतरून त्यांनी माझं बॉनेट दोन्ही हातांनी धरलं, तापलेलं असूनही.

याला आता चार वर्षं झाली. माझे कागद मंजूर झाले. तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि शेवटी टोपी काढून डोकं खाजवलं. बाईंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. रविवारी पाना त्यांना माझ्यातून फिरवून आणते, सगळ्या लाल दिव्यांना थांबत. निघण्याआधी माझं तेल बाईच तपासतात. तेलाची पट्टी काढतात, थेंब बोटांवर घेऊन चोळतात, वास घेतात आणि सांगतात, "अजून महिनाभर चालेल." त्यांचा अंदाज आजवर चुकलेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात, गच्चीवर किंवा आतल्या खोलीत कुणीतरी जुनं असेल. एखादी वस्तू असेल, एखादं माणूस असेल. झाकून ठेवलं म्हणजे जपलं, असं समजू नका. हात लावून बघा. तेल बघा, हवा बघा, आवाजात काही बदललंय का ते ऐका. आणि माणूस असेल तर जवळ बसून विचारा, तुझं काय करायचं राहिलंय?

ते आधी "काही नाही" म्हणेल. म्हातारी माणसं तसंच म्हणतात. तेव्हा उठून जाऊ नका. थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.